वेडीवाकडी अक्षरे आणि माणूसपणाचा दाखला

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोरच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ जिवंत आहेत हे कारकुनाला दिसत असते, पण दिसणे पुरेसे नसते. ते कागदावर यावे लागते. या प्रकाराची आपल्याकडे यथेच्छ थट्टा झालेली आहे. त्याच जातीचा आणखी एक दाखला मात्र आपण गेली पाव शतक मुकाट्याने देत आलो आहोत. परीक्षेचा अर्ज भरताना, रेल्वेचे आरक्षण करताना, नवे ई-मेल खाते उघडताना पडद्यावर एक लहानशी चौकट येते. तिच्यात पाण्यात पडल्यासारखी हलणारी पाच-सहा अक्षरे असतात, त्यांच्यावरून एखादी आडवी रेघ ओढलेली असते आणि शेजारी सूचना असते की चित्रातील अक्षरे ओळखून खाली लिहा. बरोबर लिहिली की दार उघडते. हा दाखला माणूसपणाचा आहे. आपण यंत्र नसून मनुष्य आहोत, हे आपण एका यंत्राला पटवून देत असतो.

संगणकाच्या परिभाषेत या चौकटीला ‘कॅप्चा’ म्हणतात. मराठीत ‘शब्दपडताळणी’ हा शब्द मला बरा वाटतो, कारण त्यातून दोन अर्थ निघतात : शब्दाची पडताळणी आणि शब्दाकरवी केलेली माणसाची पडताळणी. मी मराठीची अध्यापक. वाचायला शिकवणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. त्यामुळे या चौकटीकडे मी पहिल्यापासून काहीशा व्यावसायिक कुतूहलाने पाहत आले आहे. मधली पंधरा-सतरा वर्षे अशी गेली की माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमारेषा कोणती, या जुन्या तात्त्विक प्रश्नाला व्यवहारात एक साधे उत्तर होते : खराब झालेला शब्द ज्याला वाचता येतो तो माणूस. आकडेमोड आणि स्मरणशक्ती केव्हाच यंत्राकडे गेली होती. बुद्धिबळही १९९७ साली कास्पारॉव्हच्या पराभवाबरोबर गेले. वाचन तेवढे आपल्याकडे उरले होते. वाचनाचा एवढा सन्मान एखाद्या साक्षरता मोहिमेनेही केला नसेल. पण तो नेमका कोणत्या वाचनाचा सन्मान होता आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली, हे पाहू लागले की मन तितकेसे प्रसन्न राहत नाही.

मुळात ही चौकट लागली कशासाठी? ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्यूर्क या विक्री अधिकाऱ्याने तेव्हाच्या अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठवली. नको असलेल्या घाऊक टपालाचा हा आरंभ मानला जातो. ‘स्पॅम’ हे नाव त्याला पुढे मिळाले. मूळ शब्द डबाबंद मांसाच्या एका छापाचा. पण तो रुळला तो मॉन्टी पायथन या ब्रिटिश मंडळींच्या १९७० सालच्या एका प्रहसनामुळे. त्यात उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात हे मांस असते आणि त्या एका शब्दाच्या गजरात बाकीच्यांचे बोलणे ऐकूच येईनासे होते. आपण या प्रकाराला ‘कचरा’ म्हणतो, परंतु मूळ विनोदातला भाव कचऱ्याचा नाही, गोंगाटाचा आहे. इतरांना बोलूच न देणारा गोंगाट.

माझ्या पिढीला पोस्टकार्डांवरची साखळीपत्रे आठवत असतील. अमुक देवीचा महिमा लिहून तो अकरा जणांना कळवा, न कळवल्यास अनर्थ होईल, असा मजकूर असे. त्या पत्रांचा उपद्रव मर्यादित राहिला, याचे श्रेय लोकांच्या विवेकाला देता येणार नाही. अकरा कार्डे विकत घ्यावी लागत आणि अकरा वेळा तोच मजकूर हाताने लिहावा लागे, एवढेच त्याचे कारण. संगणकाने ही अडचण दूर केली. कॅलिफोर्नियातील काही संशोधकांनी २००८ साली अशा टपालाच्या एका प्रचंड यंत्रणेत शिरकाव करून तिच्या कामाची मोजदाद केली. सव्वीस दिवसांत सुमारे पस्तीस कोटी पत्रे गेली आणि त्यांतून विक्री झाली ती अठ्ठावीस. पस्तीस कोटींत अठ्ठावीस! एवढ्या नगण्य प्राप्तीवर चालणारा धंदा खर्च जवळजवळ शून्य असेल तरच चालू शकतो. तेव्हा त्याला आवर घालायचा तर दाराला फार भक्कम कुलूप लावण्याची आवश्यकता नव्हती. प्रत्येक वेळी थोडीशी तोशीस पडेल अशी व्यवस्था पुरेशी होती. फुकट खाती हजारोंनी उघडणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक खात्यामागे एक शब्द वाचायला लावला की त्याचे गणित कोलमडते. शब्दपडताळणीचे तत्त्व एवढेच. ती यंत्राची बौद्धिक मर्यादा वापरते हे खरे, पण तिचा खरा पाया अर्थशास्त्रीय आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी प्रक्षेपाची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुसऱ्याच्या ग्रंथाच्या प्रतिष्ठेवर आपले चार शब्द चालवून घेण्याची खोड नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. त्या काळीही घुसखोराला काही श्रम पडत होतेच. त्याला किमान ओवी रचता यावी लागे.

अक्षरांची ही युक्ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती १९९७ साली, अल्टाव्हिस्टा या त्या काळच्या शोधयंत्रावर. आपल्या पानाचा पत्ता त्या शोधयंत्रात कोणालाही विनामूल्य नोंदवता येई. साहजिकच पत्त्यांचे ढीग ओतणारे प्रोग्रॅम तयार झाले. आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. छापील मजकूर चित्ररूपाने घेऊन त्याची अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅम तेव्हा नुकते रुळत होते. ब्रोडर प्रभृतींनी एका स्कॅनरची माहितीपुस्तिका काढली. यंत्राला मजकूर नीट वाचता यावा म्हणून काय काळजी घ्यावी, हे तिच्यात दिले होते : एकाच वळणाचा टंक असावा, पार्श्वभूमी साधी असावी, वगैरे. त्यांनी प्रत्येक सूचनेच्या नेमके उलट केले. घुसखोर नोंदी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटल्या.

२००० साली याहू या कंपनीपुढे हाच प्रश्न फुकट टपालखात्यांच्या रूपाने उभा राहिला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वातेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुइस फॉन आन यांनी तो हाती घेतला. निकोलस हॉपर आणि जॉन लँगफर्ड यांच्यासह त्यांनी ‘कॅप्चा’ हे नाव दिले. त्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांत अ‍ॅलन ट्युरिंग यांचेही अक्षर आहे. ट्युरिंग यांनी १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकातील निबंधात अशी कसोटी सुचवली होती की पडद्याआडून चाललेल्या संभाषणावरून माणूस कोण आणि यंत्र कोण हे परीक्षकाला ओळखता येते का ते पाहावे. तेथे परीक्षक माणूस होता. येथे आसने बदलली. यंत्र परीक्षक झाले आणि माणूस परीक्षार्थी. शिवाय या परीक्षकाला स्वतःच काढलेला प्रश्न सोडवता येत नाही. त्याच्या हातात केवळ उत्तरांची यादी असते. असे परीक्षक विद्यापीठीय जगाला अगदीच अपरिचित नाहीत, हे येथे नमूद करून पुढे जाते.

आता प्रश्न येतो तो वाचनाच्या जातीचा. आरंभी या चौकटींत खरे शब्द असत. याहूने वापरलेल्या रचनेत सुमारे साडेपाचशे इंग्रजी शब्दांची एक यादी होती आणि तिच्यातलाच एखादा शब्द वाकवून दाखवला जाई. बर्कली येथील ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी २००३ साली सिद्ध केले की त्यांचा प्रोग्रॅम ही चौकट शंभरातून ब्याण्णव वेळा अचूक वाचतो. शब्दांची यादी ठरलेली असल्याचा त्यांना मोठाच फायदा मिळाला. तीन अक्षरे लागली की उरलेली कोणती असतील हे यादी सांगते. वास्तविक आपणही असेच वाचतो. पुसट झालेल्या वृत्तपत्रात ‘मुख्य’ एवढे दिसले की पुढचे ‘मंत्री’ डोळ्यांना दिसण्याआधी मनाला दिसते. भाषा जाणणे म्हणजे पुढे काय येणार याचा अदमास असणे. पण हा अदमास यंत्रालाही बांधता येतो असे दिसल्यावर रचनाकारांनी हळूहळू खऱ्या शब्दांची संगत सोडली आणि अर्थहीन अक्षरांच्या मालिका देण्यास आरंभ केला. अर्थ शत्रूला फितूर झाला, म्हणून त्याची हकालपट्टी झाली.

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा निर्णायक क्षण आहे. माणसाची ओळख म्हणून जे वाचन शिल्लक राहिले, ते बालवाडीच्या पाटीवरचे वाचन होते. आकार ओळखा आणि लिहा. संदर्भ, अपेक्षा, सूचितार्थ, ज्या गोष्टी शिकवण्यासाठी आम्ही दोन-दोन वर्षे खर्ची घालतो, त्यांची तेथे गरज नव्हती. इतकेच काय, त्यांची अडचण होती.

याला एक देखणा अपवाद मात्र झाला. फॉन आन यांनाच आपल्या निर्मितीविषयी टोचणी लागली. २०११ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी हिशोब मांडला होता तो असा : जगात दररोज सुमारे वीस कोटी वेळा लोक ही अक्षरे भरतात, प्रत्येक वेळी दहा सेकंद जातात, म्हणजे दिवसाकाठी पाच लाख तास वाया जातात. या तासांचे काही चीज व्हावे म्हणून त्यांनी ‘रीकॅप्चा’ ही योजना २००७ साली सुरू केली. जुनी पुस्तके आणि १८५१ पासूनचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे अंक संगणकावर आणण्याचे काम चालू होते. कागद पिवळा पडलेला, शाई फुटलेली. दोन निरनिराळे प्रोग्रॅम तेच पान वाचीत आणि ज्या शब्दावर त्यांचे एकमत होत नसे तो शब्द बाजूला काढला जाई. मग तो संशयित शब्द आणि ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा दुसरा शब्द, अशी जोडी वाचकापुढे येई. वाचकाला त्यांतला कोणता कोणता हे माहीत नसे. ठाऊक असलेला शब्द त्याने बरोबर वाचला, की दुसराही त्याने प्रामाणिकपणे वाचला असणार असे धरून चालत. माणसाच्या वाचनाला एक मत, यंत्राच्या वाचनाला अर्धे मत. अडीच मते पडली की पाठ निश्चित. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्दांची अचूकता ९९.१ टक्के होती. नुसत्या यंत्राची ८३.५ टक्के. एका वर्षात चव्वेचाळीस कोटींहून अधिक शब्द लागले, म्हणजे अदमासे साडेसतरा हजार पुस्तके.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हे वाचून रोमांच उभे राहिले नाहीत तरच नवल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. १९२५ पासून वि. सी. सुखटणकर तिचे प्रधान संपादक होते आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली. तेथेही काम तेच होते : प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, मतभेद असेल तेथे थांबायचे, मूळ पाठ कोणता असावा हे ठरवायचे. मात्र एका ठिकाणी वाटा अलग होतात. पाठचिकित्सेचा पहिला धडा असा की प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. दहा प्रती एकाच चुकीच्या प्रतीवरून उतरलेल्या असतील तर त्यांच्या दहा मतांची किंमत एका मताइतकीच. दुसरा धडा असा की दोन पाठांपैकी जो अवघड तो बहुधा जुना. नकलाकार अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो, उलट सहसा करीत नाही. रीकॅप्चाच्या वाचकाला हा दुसरा धडा कोण शिकवणार? घाईत असलेल्या तीन जणांनी एखादा जुना शब्द आजच्या वळणाने वाचला की तो अडीच मतांनी तसाच कायम. मोठ्या प्रमाणावर हे क्वचितच घडले असेल, आकडे तसेच सांगतात. तरीही जगातल्या कोट्यवधी लोकांनी, त्यांच्या नकळत, संपादनाच्या एका विराट उपक्रमात भाग घेतला आणि आपण कोणत्या पानावरचा कोणता शब्द वाचला हे त्यांतल्या एकालाही कधी कळले नाही, ही गोष्ट मला एकाच वेळी भव्य आणि उदास वाटते. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने ही योजना विकत घेतली. ग्राहकांकडून विनावेतन काम करून घेतले जाते असा दावा २०१५ साली अमेरिकेत एका वापरकर्तीने दाखल केला. तो पुढच्या वर्षी फेटाळला गेला.

हे झाले ज्यांना वाचता येते त्यांच्याविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या एम. ए.च्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे तो इतरांहून अधिक पुस्तके वाचत असे, हे मी औदार्याने म्हणत नाही; त्याच्या निबंधांवरून ते कळत असे. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी तो विभागात आला आणि माझ्या शेजारच्या संगणकावर बसला. नाव, विषय, आधीच्या परीक्षांचे गुण, सगळे त्याने स्वतः भरले. चौकटीपाशी अडला. पडदावाचक तेथे नुसते ‘चित्र’ एवढेच म्हणे. ध्वनीचे बटण होते. ते दाबल्यावर खरखर ऐकू येई आणि तिच्याआड कोणीतरी परदेशी उच्चारात इंग्रजी अक्षरे म्हणे. दोनदा उत्तर चुकले, तिसऱ्यांदा वेळ संपून सगळा अर्ज कोरा झाला.

“मॅडम, एवढं एक तुम्ही वाचून द्या ना,” तो म्हणाला. आणि मी वाचून दाखवल्यावर हसून म्हणाला, “मी दिवसभर याच्याशीच बोलतो. त्यालाच माझा संशय येतो.”

दृष्टिहीनांना ही चौकट बाहेर ठेवते, हे रचनाकारांना ठाऊक नव्हते असे नाही. महाजालाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००५ सालीच या त्रुटीवर स्वतंत्र टिपण काढले होते. तरी गाडे तसेच चालू राहिले. आपल्याकडे पुढे बँकांच्या ओळखतपासणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे दाखवण्याची पद्धत आली. ज्यांचे डोळे आम्लहल्ल्यात गेले किंवा ज्यांना जन्मतः दृष्टी नाही, त्यांनी काय करावे? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात निर्णय दिला की अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ही तपासणी सर्वांना करता येईल अशी करावी. तोपर्यंत माझा तो विद्यार्थी शिक्षण संपवून कधीच नोकरीला लागला होता.

दृष्टी असूनही बाहेर राहणारे आहेतच. माझी आत्या पंचाहत्तरीची आहे. रोज सकाळी हरिविजयाचा अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही. जुन्या टंकातली जोडाक्षरे तिच्याइतक्या सहजतेने माझे पदवीधर विद्यार्थी वाचू शकत नाहीत. एका योजनेच्या यादीत आपले नाव आले का हे तिला फोनवर पाहायचे होते. चौकटीत रोमन अक्षरे, त्यांत काही मोठ्या लिपीतली, काही लहान, आणि मध्ये एक वर्तुळ. ते शून्य की ‘ओ’? “अगं, हे मराठीत विचारायला काय झालं होतं यांना?” असे तिने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. बाकीचे सारे पान मराठीत होते. माणूस असल्याची खूण तेवढी रोमन लिपीत मागितली होती.

आता त्या तोशिशीकडे परत येते. वाचनाला किंमत आहे असे ठरल्यावर ते काम स्वस्तात करून घेणारा बाजार उभा राहणे क्रमप्राप्त होते. अक्षरे यंत्राला वाचता येत नाहीत ना, मग यंत्राच्या पदरी माणसे ठेवावीत. २००८ सालापासून भारतातील अशा कामाच्या बातम्या येऊ लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१० साली या बाजाराचा पद्धतशीर अभ्यास केला. हजार शब्द वाचून देण्याचा भाव अर्धा ते एक डॉलर होता. वाचणारे कोठे बसले आहेत याचा अंदाज घेण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या भाषांतील शब्द त्यांच्यापुढे टाकून पाहिले. चीन, रशिया आणि भारत यांच्या दिशेने बोट जात होते. साधा हिशोब करून पाहावा. दहा सेकंदांना एक याप्रमाणे हजार शब्द वाचायला पावणेतीन तास लागतात. तेव्हा डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता. पावणेतीन तास सलग, अर्थ नसलेली अक्षरे डोळे ताणून वाचायची. सगळा डॉलर हाती पडला तरी मिळणार ते पंचेचाळीस रुपये, आणि मधल्या दलालाचे कमिशन त्यातूनच जाणार. त्या खोल्यांतून बसलेल्यांत कोणी पदवीधर असतील, कोणी आमच्यासारख्यांच्या वर्गात कविता वाचून गेलेले असतील. माणूस असल्याचा दाखला ते दुसऱ्याच्या यंत्रासाठी घाऊक भावाने देत होते. जाळ्याच्या रक्षणासाठी ठरवलेली किंमत अशी ज्याला सर्वांत कमी मिळते त्याच्या गळ्यात पडली. जेथे नफा मोठा तेथे तर दलालांना अधिक सोय परवडते. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणासाठी वेगाने अर्ज भरणारे बेकायदा सॉफ्टवेअर विकल्याच्या आरोपावरून २०१७ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने आपल्याच एका प्रोग्रॅमरला अटक केली होती. खिडकीपुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको.

अक्षरांचे राज्य २०१४ साली संपले. गूगलच्या संशोधकांनी त्या वर्षी जाहीर केले की अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या वाकड्या अक्षरांची चौकटही त्यांची यंत्रणा ९९.८ टक्के वेळा अचूक वाचते. रस्त्यांच्या छायाचित्रांतले घरांचे क्रमांक वाचण्यासाठी ती यंत्रणा तयार केली होती. त्याच वर्षअखेर ‘मी यंत्रमानव नाही’ असे लिहिलेली खुणेची चौकट आली. पाठोपाठ रहदारीचे दिवे आणि बसगाड्या ओळखण्याची चित्रे आली. २०१८ पासून तर असाही प्रकार आहे की काहीच विचारले जात नाही. आपण पानावर कसे वावरतो यावरून शून्य ते एक यांच्या दरम्यान एक गुण गुपचूप दिला जातो, आणि तो किती पडला हे आपल्याला सांगत नाहीत. वाकडी अक्षरे पुष्कळ ठिकाणी अजून भेटतात, विशेषतः आपल्याकडे. पण २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन येथील अभ्यासकांनी माणसे आणि प्रोग्रॅम यांची तुलना केली तेव्हा बहुतेक प्रोग्रॅमांची अचूकता ९६ टक्क्यांच्या वर होती. माणसांची ५० ते ८५ टक्क्यांत घोटाळत होती. म्हणजे आता चुकणे हीच माणसाची खूण होऊ पाहते आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये जीपीटी-४ या भाषिक प्रारूपाच्या निर्मात्यांनी आपल्या अहवालात एक प्रसंग नोंदवला. चाचणीच्या वेळी त्या यंत्रणेपुढे शब्दपडताळणीची चौकट आली. ती सोडवण्यासाठी तिने पैसे घेऊन किरकोळ कामे करणाऱ्या एका माणसाला गाठले. त्याने थट्टेने विचारले, तू यंत्र तर नाहीस ना? यंत्रणेने उत्तर दिले की आपण यंत्र नाही, आपल्याला दृष्टिदोष आहे, त्यामुळे चित्रे दिसण्यास अडचण येते. त्या माणसाला ते पटले आणि त्याने चौकट सोडवून दिली.

हे वाचले तेव्हा मला माझ्या त्या विद्यार्थ्याची आठवण झाली नसती तरच आश्चर्य. त्याने खरे सांगूनही त्याला दार उघडले नव्हते.

मी अलीकडे दुसऱ्या सत्रात एक तास निराळ्या कामासाठी राखून ठेवते. विभागाच्या कपाटात शिळाछापाच्या काही जुन्या पोथ्या आहेत. त्यांतल्या एका ओवीबद्ध पोथीची पाने विद्यार्थ्यांना वाटते. शाई पसरलेली, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, ‘भ’ कोणता आणि ‘म’ कोणता हे कळत नाही. परवाच्या तासाला एका ओळीवर वर्ग अडला. तिसऱ्या चरणाच्या शेवटचे अक्षर निम्मे कसरीने खाल्लेले. दोन मुलांनी फोनवर त्याचा फोटो काढून यंत्राकडून वाचून घेतला. यंत्राने बेधडक एक शब्द दिला, आणि तो शब्द मराठीत होताही. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. ती म्हणाली, “मॅडम, तो शब्द नसणार. पहिल्या दोन चरणांना यमक आहे, तर तिसऱ्यालाही जुळायला हवं. याने दिलेला शब्द जुळत नाही.” मग तिने जुळणारे दोन शब्द सुचवले. त्यांतला एक अर्थाला बसत नव्हता. दुसऱ्यावर अर्धा वर्ग तिच्या बाजूने होता आणि अर्धा नव्हता. तास संपल्याची घंटा झाली, तरी वाद चालूच होता.